पश्चिम ऑस्ट्रेलियातील राज्यव्यापी नोंदजोडणी: संशोधनाला आणि धोरणाला तिचा नेमका उपयोग कसा होतो?

आकडेमोड (प्रश्न):
नमस्कार. मी पुण्यात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करते आहे. वाचनात पश्चिम ऑस्ट्रेलियाचा उल्लेख वारंवार येतो. रुग्णालये, जन्म, मृत्यू, कर्करोग, मानसिक आरोग्यसेवा अशा निरनिराळ्या नोंदी तिथे १९९५ पासून एकमेकींना जोडल्या जातात. माझ्या शंका दोन आहेत. ऑस्ट्रेलियात आधारसारखा ओळखक्रमांक नाही, मग एकाच व्यक्तीच्या नोंदी जुळवतात कशा? आणि या खटाटोपातून सरकारी धोरणाच्या हाती खरोखर काही लागले, की केवळ शोधनिबंधांची संख्या वाढली? मी स्वतःही दहा वर्षांच्या जोडलेल्या नोंदींवर 'पहिला हृदयविकाराचा झटका' मोजण्याचा आराखडा करते आहे, म्हणून विचारले.

पर्थवासी:
या नोंदींवर काही वर्षे विश्लेषक म्हणून काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. 'ऑस्ट्रेलिया कार्ड' नावाचा ओळखपत्राचा प्रस्ताव १९८७ मध्ये बारगळला, त्यामुळे जुळणी संभाव्यतेवरच चालते. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता यांपैकी काय काय जुळले आणि जुळलेली गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे पाहून नोंदींच्या प्रत्येक जोडीला भारांक दिला जातो. 'स्मिथ' जुळणे आणि क्वचित आढळणारे आडनाव जुळणे यांचे वजन सारखे धरत नाहीत. भरपूर भारांकाच्या जोड्या स्वीकारल्या जातात, अगदी कमी भारांकाच्या सोडून दिल्या जातात, आणि मधल्या संशयास्पद जोड्या कर्मचारी स्वतः डोळ्यांखालून घालतात. या पद्धतीचा गणिती पाया फेलेगी आणि संटर यांनी १९६९ मध्ये मांडला.

माझ्या मते या व्यवस्थेचे खरे बळ जुळणीपेक्षा कामाच्या वाटणीत आहे. जे जुळणी करतात त्यांना नाव-पत्ता दिसतो, पण आजार दिसत नाही. जे संशोधन करतात त्यांना आजार दिसतो, पण नाव दिसत नाही. शिवाय प्रत्येक प्रकल्पाला वेगळे सांकेतिक क्रमांक मिळतात, त्यामुळे दोन प्रकल्पांच्या फाइली परस्पर जोडता येत नाहीत. लाखो लोकांची व्यक्तिगत संमती घेणे अशक्य असल्याने संशोधन-नैतिकता समिती संमतीची अट शिथिल करते, आणि ती सवलत देताना समितीला ही वाटणीच आधार देते.

आता धोरणाकडे येतो. मानसिक आरोग्यसेवांच्या नोंदी मृत्यूंच्या व रुग्णालयांच्या नोंदींशी जोडून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोरुग्णांमधील अतिरिक्त (म्हणजे सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत जास्तीचे) मृत्यू म्हटले की आत्महत्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्यांतला सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराचा निघाला. त्याहून बोचणारी बाब अशी की हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता, मात्र अँजिओप्लास्टी किंवा बायपास या रुग्णांच्या वाट्याला कमी येत होती. मनोरुग्णालयाची वही किंवा हृदयरोग विभागाची वही, एकटी कोणतीही वही हे सांगू शकली नसती.

दुसरे उदाहरण फॉलिक ॲसिडचे, म्हणजे गरोदरपणात गरजेच्या असलेल्या एका 'ब' जीवनसत्त्वाचे. राज्यात १९८० पासून जन्मदोषांची नोंदणी आहे. गोळ्या घेण्याचा प्रचार आणि खाद्यपदार्थांत ऐच्छिक मिश्रण यांमुळे स्पायना बिफिडासारखे (बाळाच्या पाठीचा कणा नीट न मिटण्याचे) दोष एकंदरीत घटले, परंतु आदिवासी कुटुंबांतील बाळांमध्ये घटले नाहीत, हे या नोंदीवरून दिसले. सप्टेंबर २००९ पासून पावाच्या पिठात फॉलिक ॲसिड घालणे देशभर सक्तीचे झाले, आणि त्यानंतर आदिवासी बाळांमधील प्रमाणही उतरले. ऐच्छिक उपाय कोणापर्यंत पोहोचत नाही, हे सरकारला दाखवून देणारी ही नोंद होती.

जुनी_नोंदवही:
उत्तर माहितीपूर्ण आहे, परंतु चित्र थोडे गुळगुळीत झाले आहे. चुकलेल्या जोड्या सर्व समाजात सारख्या विखुरलेल्या नसतात. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्रिया, वारंवार पत्ता बदलणारी माणसे, ज्यांचे नाव दर कार्यालयात निराळ्या वर्णाक्षरांनी लिहिले जाते असे लोक यांच्याच नोंदी तुटण्याची शक्यता अधिक असते. 'क्षीरसागर' हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात, ते मोजून पाहावे! धोरण बहुधा याच लोकांसाठी आखायचे असते.

पर्थवासी:
आपला आक्षेप योग्य आहे. एकाच व्यक्तीची आदिवासी म्हणून नोंद एका यादीत असते आणि दुसरीत नसते, असे इथे सर्रास घडत असे. त्यासाठी सर्व याद्या मिळून निर्णय कसा करावा याचे स्वतंत्र नियम बसवावे लागले. आणखी एक मर्यादा सांगतो. डॉक्टरांकडील साध्या तपासण्या आणि औषधे यांची माहिती केंद्र सरकारच्या योजनांकडे असते, राज्याकडे नाही, म्हणून राज्याच्या नोंदींत आजार बहुधा रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावरच दिसतो. परवानग्यांना लागणारा वेळ ही तर संशोधकांची जुनीच तक्रार आहे. राज्याने गोपनीयता आणि माहितीच्या देवाणघेवाणीचा स्वतंत्र कायदा केला तोही २०२४ मध्ये, म्हणजे जोडणी सुरू होऊन जवळजवळ तीन दशके उलटल्यावर.

आकडेमोड, आपल्या आराखड्याविषयी: अभ्यासाच्या पहिल्या वर्षी जो झटका 'पहिला' दिसेल, तो कदाचित त्या रुग्णाचा तिसरा असेल, कारण आधीचे दोन आपली फाइल जिथून सुरू होते त्याआधीच घडलेले असतील. इथल्या रुग्णालयांच्या नोंदी १९७० पर्यंत मागे जातात, म्हणून कित्येक वर्षे मागे पाहून जुने रुग्ण वगळता येतात. आपल्याकडील दहांपैकी सुरुवातीची काही वर्षे केवळ मागे पाहण्यासाठी राखून ठेवावीत.

आकडेमोड:
दोघांचेही आभार. मी दहाही वर्षे मोजणीत धरली होती. आता पहिली पाच वर्षे बाजूला ठेवून पाहते. रुग्णसंख्या निम्म्यावर येईल, पण मार्गदर्शकांना त्याचे कारण तरी सांगता येईल.