'कोल्ड फीट' आले म्हणजे नेमकं काय झालं?

रविवारी कोथरूडला मावशीकडे गेले होते. चहाचं आधण ठेवायच्या आधीच तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "अगं, नातीने काय लिहिलंय बघ. तिच्या मैत्रिणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय आणि तिला 'कोल्ड फीट' आलेत. हातपाय गार पडले म्हणजे दवाखान्यात नेलं असेल ना?" मावशी खरंच घाबरली होती. मराठीत हातपाय गार पडतात ते माणूस जायला लागल्यावर, नाहीतर भीतीने.

"तसं नाही गं, कच खाल्ली तिने," असं मी सांगून मोकळी झाले. पण घरी येईपर्यंत ते सलत राहिलं. कच खाल्ली म्हटलं की त्यात ठपका येतो, ऐनवेळी माघार घेतल्याचा. इंग्रजीत तेवढं झालेलंच नसतं. ठरलेली गोष्ट, बहुतेकदा लग्न, तोंडावर आल्यावर धीर होईनासा होतो, इतकंच. पुढे ते लग्न लागतंही. हातपाय गळणंही नको, ते संकट कोसळल्यावरचं. मला 'मन कचरतंय' हे सगळ्यात जवळचं वाटतं.

लग्न-संसाराचे आणखी काही इंग्रजी वाक्प्रचार मग डोक्यात घोळत राहिले. 'टाय द नॉट', म्हणजे लग्न करणं, याला काही सांगायलाच नको. शेल्या-उपरण्याची गाठ आणि लग्नगाठ हा शब्द आपल्याकडे आहेच.

लग्न 'ऑन द रॉक्स', म्हणजे शब्दशः खडकांवर, आहे याचं मात्र 'संसार मोडला' असं भाषांतर वाचलं की जीव हळहळतो. जहाज खडकावर चढलंय, फुटेल अशी भीती आहे, पण अजून बुडालेलं नाही. 'बिनसलंय' त्याला फार हलकं, आणि 'विस्तव जात नाही' फार पुढचं. चूल पेटवायला शेजारून निखारा मागून आणायचे, तेवढीही देवघेव थांबली म्हणजे विस्तव जात नाही. इथे 'संसार मोडकळीला आलाय' म्हणावं. मोडकळीला आलेलं घर उभं असतं, डागडुजी करता येते.

माझा सगळ्यात लाडका वाक्प्रचार 'ॲपल ऑफ माय आय', म्हणजे जिवापाड लाडकं माणूस. डोळा आणि सफरचंद यांचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. जुन्या इंग्रजीत डोळ्यातल्या बाहुलीलाच सफरचंद म्हणत. ती गोळ्यासारखी गोल, भरीव असते असा समज होता. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, 17व्या स्तोत्रात, देवाला विनवणी आहे ती या बाहुलीसारखं मला जप अशी. लॅटिनमध्ये तिला 'प्युपिला' म्हणजे चिमुकली मुलगी, बाहुली म्हणतात. आपणही बाहुलीच म्हणतो! कुणाच्या डोळ्यात अगदी जवळून पाहा, आपलंच इवलंसं रूप तिथे दिसतं. याला 'गळ्यातला ताईत' हा प्रतिशब्द देतात, पण ताईत चारचौघांत मिरवला जातो. नातवंडाबद्दल आजी हे म्हणत असेल, तर 'तळहाताच्या फोडासारखं जपलेलं' म्हणावं. त्यात जपणं आहे, आणि धक्का लागला तर आपल्यालाच दुखणंही.

रात्री मावशीला फोन करून 'कच खाल्ली' मागे घेतलं, 'मन कचरतंय' सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग नातीला कळवते. म्हणावं, तिला कुणी टोचून बोलू नका, नुसतं जवळ जाऊन बसा."