मदत हवी आहे: बारोदेंच्या नंतर महापौर कोण?

शाईपेन: बारोदेंवर लेख उद्या द्यायचाय. यादीत त्यांच्यानंतर थेट १८८१ ला गायतों दिसतात. मधली आठ वर्षं कोण? आणि बारोदेंना काढलं की त्यांनी राजीनामा दिला? लवकर सांगा.

रानवाट: शहर कुठलं? पॅरिस असेल तर शोधू नका, १८७१ ते १९७७ तिथे महापौरच नव्हता.

शाईपेन: ल्यों हो, फ्रान्समधलं! देझिरे बारोदे.

चंद्रभागा: त्यापेक्षा पॅरिसचा कायापालट करणाऱ्या ओसमानवर लिहा. रस्ते, गटारं, बागा, भरपूर साहित्य मिळेल.

जुनी_दप्तरं: ओसमान महापौर नव्हता, सेन जिल्ह्याचा प्रीफेक्ट होता, म्हणजे सरकारने नेमलेला जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी. शाईपेन, तुमचं उत्तरही इथेच आहे. बारोदेंना काढलं नाही, राजीनामाही नाही. पदच रद्द झालं. ४ एप्रिल १८७३ च्या कायद्याने ल्योंचा मध्यवर्ती महापौर गेला आणि त्याचे अधिकार रोन जिल्ह्याच्या प्रीफेक्टकडे आले. शहराच्या सहा विभागांना नेमलेले वेगवेगळे महापौर होते. जुन्या कागदावर 'तिसऱ्या विभागाचे महापौर' असं दिसलं तर ते नाव मधल्या वर्षांत भरू नका. रकाना रिकामाच ठेवा.

रानवाट: पण खरं कारण कम्यूनच ना, १८७१ चा पॅरिसचा तो क्रांतिकारी उठाव? बारोदे त्यात सामील होते.

जुनी_दप्तरं: नाही. कम्यून मे १८७१ मध्ये चिरडली गेली. तेव्हा महापौर एनों होते, बारोदे त्यांचे सहायक. एनों मार्च १८७२ मध्ये वारले, मग बारोदे आले. व्हर्सायला भरणाऱ्या राष्ट्रीय सभेतल्या राजेशाहीवाल्या बहुमताला ल्योंची जहाल नगरपालिकाच नको होती.

मोडीवाला: जन्मनोंद हवी असेल तर सेर्मेस गाव, सोन-ए-ल्वार जिल्हा. जिल्हा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आधी १८२३-३२ ची दशवार्षिक सूची उघडा, तिथून तारीख घ्या, मग त्या वर्षाच्या जन्मनोंदींत जा. थेट नोंदी चाळल्या तर वेळ जातो.

शाईपेन: जन्मनोंद नकोय. पद गेल्यावर ते गप्प बसले?

जुनी_दप्तरं: छे! लेखाचा गाभा तोच करा. २७ एप्रिल १८७३ ला पॅरिसच्या पोटनिवडणुकीत जहाल पक्षाने त्यांनाच उभं केलं. समोर राष्ट्राध्यक्ष तिएर यांचे परराष्ट्रमंत्री रेम्युजा. बारोदेंना सुमारे १,८०,००० मतं, रेम्युजांना १,३५,००० च्या आसपास. उजव्यांनी ठपका तिएर यांच्यावर ठेवला आणि २४ मे ला त्यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. ल्योंचं महापौरपद रद्द केल्याचा फटका दोन महिन्यांच्या आत पॅरिसमध्ये बसला.

रानवाट: म्हणजे गायतों १८८१ ला निवडून आले, असं लिहायचं?

जुनी_दप्तरं: जपून. पद १८८१ च्या एप्रिलमध्ये परत आलं, पण मार्च १८८२ च्या कायद्यापर्यंत जिल्ह्याच्या मुख्य शहरांचे महापौर सरकारच नगरसेवकांतून नेमत असे. '१८८१ पासून महापौर' एवढंच लिहा.

चंद्रभागा: गायतों शल्यचिकित्सक होते. २४ जून १८९४ ला ल्योंमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्नोंवर चाकूहल्ला झाला तेव्हा त्याच बग्गीत होते. त्यांच्यावर वेगळा लेख हवा.

शाईपेन: तो नंतर. एनोंची मृत्यूची तारीख कुणाकडे आहे?

मोडीवाला: २८ मार्च १८७२, मोंपेलिये.