रॅम्पच्या सक्तीने छोटा दुकानदार मरतो म्हणे!

सायली, परळ
परवा इथे एका दुकानदाराने लिहिलं : "दिव्यांगांच्या नावाखाली रॅम्पची सक्ती म्हणजे आमच्या गळ्याला फास. अमेरिकेत वकील दुकानं हुडकून खटले भरतात, तेच इथे होणार." वाचल्यापासून डोकं तापलंय.

अमेरिकेचा बागुलबुवा नको. तिथल्या 1990च्या दिव्यांगांसाठीच्या कायद्यात खासगी दावेदाराला भरपाई मिळत नाही, फक्त दुरुस्तीचा आदेश आणि वकिलाची फी. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात किमान 4,000 डॉलर मिळतात, म्हणून तिथे एवढे खटले. आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात पहिल्या वेळेस दंड 10,000 रुपयांपर्यंत. खासगी सेवा देणाऱ्यांना सोय करायला नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत होती आणि नियम जून 2017मध्ये आले. करा हिशेब.

बाबा अर्धांगवायूनंतर व्हीलचेअरवर आहेत. चष्म्याच्या दुकानाला तीन पायऱ्या. दुकानातल्या मुलाने ट्रेमध्ये फ्रेम आणून टॅक्सीच्या खिडकीशी धरल्या. बाबांनी टॅक्सीच्या आरशात बघून एक निवडली. नंबर तपासायची खोली आत, त्यामुळे काचा जुन्याच नंबरच्या बसल्या. पैसे मात्र पुरे घेतले.

मिलिंद, हिंदमाता
ती पोस्ट माझी. ताई, पायऱ्या आम्ही हौसेने बांधल्या नाहीत. पावसाळ्यात दुकानात पाणी शिरायचं म्हणून वडिलांनी ओटा दीड फूट उचलला. एकास बारा उतार (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) धरला तर रॅम्प 18 फूट होतो, आणि समोर फुटपाथ जेमतेम सहा फूट. बाहेर काढला तर अतिक्रमण म्हणून पालिका तोडणार. गाळा पागडीचा, मालक एक खिळा ठोकू देत नाही. दंड भरायचा मी?

नितीन, गिरगाव
फुटपाथ आहे कुठे? त्यावर खांब रोवलेत, दोन खांबांतून व्हीलचेअर जात नाही. 2023मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. उरलेली जागा फेरीवाल्यांनी खाल्ली. आधी त्यांना हटवा.

वैशाली, दादर
आलं फेरीवाल्यांवर घसरणं! माझी आई फुटपाथवर भाजी विकायची, त्यावर आम्ही शिकलो. दुकानदार सामान बाहेर मांडतात ते दिसत नाही का?

नितीन, गिरगाव
रानडे रोडवर संध्याकाळी लहान मूल घेऊन चालून दाखवा, मग बोला.

वैशाली, दादर
रोज चालते. तुम्ही गाडीतून बघता.

सायली, परळ
फेरीवाल्यांचं भांडण दुसरीकडे घाला!

श्रीकांत, विलेपार्ले
मला पोलिओ आहे, पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावतो. सायली, तुम्हीसुद्धा सगळं व्हीलचेअरभोवतीच फिरवता. कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. तीव्र उताराचा रॅम्प मला पायऱ्यांपेक्षा धोक्याचा, त्यावर पाय सटकतो. मला धरायला कठडा हवा, दोन्ही बाजूंनी. त्याला 18 फूट लागत नाहीत, मिलिंद. तोही तुम्ही लावलेला नाही.

आणि मुदतीचा दाखला अर्धाच आहे. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने नियमात घातलेली मार्गदर्शक तत्त्वं नुसत्या शिफारशी आहेत, बंधनकारक किमान नियम तीन महिन्यांत करा. इतकी वर्षं सरकारनेच घोळ घातला आणि आपण एकमेकांच्या उरावर बसलोय.

मिलिंद, हिंदमाता
कठडा लावतो. ते जमण्यासारखं आहे, नाही म्हणत नाही. पण अमेरिकेचं निम्मंच सांगू नका. तिथे अशा कामासाठी छोट्या धंद्याला वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत करसवलत मिळते. इथे मला काय मिळतं? नोटीस.

सायली, परळ
करसवलत मागा, पहिली सही माझी. पण ती मिळेपर्यंत बाबांनी जुन्या नंबरच्या चष्म्यातून बघायचं, हे मला मान्य नाही. पागडीच्या मालकाला पत्र लिहून परवानगी मागितलीत का कधी?

मिलिंद, हिंदमाता
तोंडी मागितली होती.

सायली, परळ
मग आता लेखी मागा, आणि उत्तर इथे टाका.