पंप जोरात चालू, तरी पोहण्याच्या तलावाचा मिठाचा क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं यंत्र) म्हणतो ‘नो फ्लो’, म्हणजे पाणी वाहत नाही. सेन्सर बदलायचा का?

निळंपाणी
तलाव ५० हजार लिटरचा, मीठ लिटरला ३.२ ग्रॅम. पंप सुरू होऊन पाच मिनिटं झाली तरी ‘नो फ्लो’चा लाल दिवा जात नाही. फिल्टर बॅकवॉश केला (उलटं पाणी सोडून धुतला), पंपाची जाळी साफ केली, तलावात पाणी नेहमीच्याच जोरात पडतंय. पाणी वाहतंय का हे ओळखणारा सेन्सर पात्याचा, दोन तारांचा, दोन इंची टीमध्ये (पाइपाच्या T आकाराच्या जोडात) बसवलेला. जुनाच गेलाय याची खात्री कशी करू? आणि नवीन येईपर्यंत दोन्ही तारा एकमेकींना जोडून चालवलं तर?

वायरमन_७
तारा जोडायच्या नाहीत. सेलमध्ये, म्हणजे क्लोरिनेटरच्या प्लेटा असलेल्या भागात, क्लोरीनबरोबर हायड्रोजनही सुटतो. पाणी वाहतं असेल तर तो तलावात जाऊन हवेत विरतो. पाणी थांबलं आणि सेलला वीज मिळतच राहिली, तर तो नळीत वरच्या बाजूला साठतो. हवेत ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरे. तो सेन्सर नेमका यासाठीच आहे.

आता तपासणी. क्लोरिनेटरचा एमसीबी पाडा, सेन्सरची पिन काढा, पंप मात्र चालू ठेवा. मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही टोकांना धरा. पंप चालू असताना बीप आणि बंद केल्यावर शांतता, असं असेल तर सेन्सर ठणठणीत आहे. मग पिनेवर हिरवा गंज चढलाय का, तार कुठे कुरतडली गेलीय का ते बघा. दोन्ही वेळा शांत असेल तर पातं अडकलंय, तुटलंय किंवा आतला रीड स्विच (चुंबकाने चालणारा छोटा स्विच) गेलाय. दोन्ही वेळा बीप आली तर मात्र सावध! असा सेन्सर दिवा कधीच लावत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पाणी थांबलं तरी सेल चालूच राहतो.

बीपवर भागवू नका, ओहमही मोजा. चांगला स्विच एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. आकडा पन्नास-शंभरवर नाचत असेल तर संपर्कबिंदू खराब झालेत.

निळंपाणी
मोजलं. दोन्ही वेळा शांत. काढायचा कसा?

टाकीवाला
पंप बंद. तलावाची पातळी यंत्रापेक्षा वर असेल तर ओढीचा आणि परतीचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर सेन्सर हातात येताच पाण्याची पिचकारी अंगावर. फिल्टरवरच्या हवेच्या स्क्रूतून दाब काढून टाका. सेन्सर फिरवायच्या आधी त्यावरचा बाण कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो घ्या. तार आधीच मोकळी करा; तशीच ठेवून फिरवली की पिळून आतून तुटते.

बाहेर आल्यावर लगेच फेकू नका. पात्यावर पांढरा क्षार असेल तर एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड चार भाग पाण्यात (ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही) करून पाचेक मिनिटं बुडवा, धुवा आणि पातं बोटाने बाणाच्या दिशेला दाबा. बीप येऊन सोडल्यावर थांबली तर नवीन घ्यायची गरज नाही.

नवीन बसवताना, ओ-रिंगचा असेल तर फक्त सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं. आट्यांचा असेल तर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे, हाताने घट्ट आणि वर पाव फेरा. पाना लावून ताकद दाखवली की टीला तडा जातो, आणि मग दहा मिनिटांच्या कामासाठी पाइप कापायला बसायचं. बाण अगदी पाइपाच्या रेषेत आणि सेलकडे हवा. थोडा तिरपा राहिला तरी पातं पूर्ण दबत नाही.

निळंपाणी
काढला. पातं अर्धंच उरलंय!

वायरमन_७
मग उरलेला अर्धा तुकडा पुढे गेला. सेल उघडा, प्लेटांमध्ये अडकला असेल. लाकडी काडीने काढा, स्क्रूड्रायव्हरने नको. ओरखडा पडला की प्लेटवरचा लेप जातो.

आणि पातं तुटलं का, तेही बघा. सेन्सरच्या आधी किमान ३० सेंमी सरळ पाइप आहे का? लगेच आधी एल्बो (पाइपाचं वळण) असेल तर पाणी घुसळत येतं, पातं दिवसभर फडफडतं आणि मुळाशी तुटतं. तसं असेल तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाणार.

निळंपाणी
एल्बो फक्त १० सेंमीवर आहे. तुकडा सेलमध्येच सापडला.

टाकीवाला
मग टी पुढे सरकवा. सॉल्व्हंट सिमेंटचे जोड २४ तास सुकू द्या, तोवर पंप नको. चालू केल्यावर दिवा विझायला मिनिटभर लागू शकतं, बहुतेक यंत्रं मुद्दाम थांबतात. दिवा विझला म्हणून निघू नका. क्लोरिनेटर चालू ठेवून फक्त पंप बंद करा. लाल दिवा परत लागलाच पाहिजे. दोघांचा टायमर एकच असेल तर पंप बंद करून पिनेवर मीटरनेच बघा. पंप कमी-जास्त वेगाचा असेल तर रोजच्या सगळ्यात कमी वेगावरही दिवा विझलेला राहतो का ते तपासा.