सादो बेटावर रात्री नो (जपानचं पारंपरिक मुखवटा-नाट्य) बघून परतायचं कसं? मदत हवी आहे

जूनमध्ये आई आणि मी जपानच्या सादो बेटावर दोन रात्री राहणार आहोत, र्‍योत्सु बंदराजवळ. निइगाता शहराहून जेटफॉइल या वेगवान बोटीने जाऊ. 2024 मध्ये जागतिक वारसा ठरलेली सोन्याची खाण दिवसा बसने बघता येईल, त्याची काळजी नाही.

खरी ओढ आहे ती देवळाच्या अंगणात मशालींच्या उजेडात होणाऱ्या ताकिगी नोची. नोचे आद्य आचार्य झेआमी 1434 मध्ये इथेच हद्दपार झाले होते, आणि बेटावर आजही तीसहून जास्त नो रंगमंच आहेत! प्रयोग संपेपर्यंत बस बंद होतात. आम्हा दोघींनाही गाडी चालवता येत नाही, आईचे गुडघे दुखतात. हॉटेलला ईमेल केला, उत्तर नाही. जपानी वेळापत्रक भाषांतर करून वाचलं, पण परतीचं काही कळलं नाही.

कुणी गेलं असेल तर सांगाल का, परतीची टॅक्सी आधी ठरवून मिळते का, की रंगमंचाजवळच मुक्काम करावा?