मदत हवी आहे : स्कूल नर्सच्या प्रमाणपत्राची तयारी कशी करावी?

चंद्रज्योत :
अकरा वर्षे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम केल्यानंतर मी या ऑगस्टपासून स्कूल नर्स म्हणून रुजू झाले आहे. प्रमाणपत्र मिळवावे असे मला लेखी कळवण्यात आले आहे. रोज रात्री दोन तास बालरोगांचे पाठ्यपुस्तक वाचते, तरीही सराव-प्रश्नसंचातील निम्मी उत्तरे चुकतात. दमा, मधुमेह, अपस्मार यांपैकी एकही विषय मला नवा नाही, त्यामुळे हा प्रकार फार मनाला लागला आहे. कोणते पुस्तक वाचावे आणि तयारीला किती आठवडे लागतात, एवढेच कृपया सांगावे.

वाटसरू२ :
आपण कोणत्या देशात आणि कोणत्या राज्यात आहात, हे लिहिलेले नाही. प्रमाणपत्र नेमके कोणते, हेही लिहिलेले नाही. या दोन गोष्टी कळल्याशिवाय पुस्तकाचे नाव सांगण्यात अर्थ नाही.

मेघश्याम :
ताई, अमेरिकेत असाल तर प्रथम भारतातील पदवीचे मूल्यांकन करून घ्या आणि मग एनक्लेक्स या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेला बसा. एप्रिल 2023 पासून त्या परीक्षेचे स्वरूप बदलले असून एकाच रुग्णाच्या प्रकरणावर आधारित प्रश्नमालिका आल्या आहेत. माझ्या पत्नीने त्यासाठी सहा महिने अभ्यास केला.

चंद्रज्योत :
मेघश्यामजी, माझ्याकडे आर.एन., म्हणजे नोंदणीकृत नर्सचे, लायसन्स आहे आणि एनक्लेक्स होऊन बरीच वर्षे झाली. राज्य कॅलिफोर्निया. प्रश्नसंच एन.सी.एस.एन. परीक्षेचा आहे, तो एका सहकारी नर्सने दिला. आता तरी कोणी पुस्तक सुचवावे.

वाटसरू२ :
आपल्याला लेखी जे कळवले आहे त्यात कोणता शब्द आहे, तो आधी पाहावा. एन.सी.एस.एन. हे राष्ट्रीय मंडळाचे ऐच्छिक प्रमाणपत्र आहे. ते परीक्षा देऊन मिळते आणि दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. कॅलिफोर्नियात नोकरी टिकवण्यासाठी लागते ते मात्र राज्याचे स्कूल नर्स क्रेडेन्शियल, म्हणजे शाळेत काम करण्याचे अधिकारपत्र, आणि ते कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंग या राज्याच्या आयोगाकडून मिळते. आरंभी मिळणारे प्रिलिमिनरी क्रेडेन्शियल पाच वर्षे चालते. तेवढ्या अवधीत मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि दोन वर्षांचा समाधानकारक अनुभव पूर्ण केला, म्हणजे पक्के, क्लिअर क्रेडेन्शियल मिळते. मला स्वतःला हा फरक दुसऱ्या वर्षी कळला आणि प्रवेशाचे एक सत्र हातचे गेले, म्हणून कळकळीने सांगत आहे.

चंद्रज्योत :
पत्र पुन्हा वाचले. त्यात 'क्लिअर क्रेडेन्शियल' असेच लिहिले आहे. म्हणजे गेले दोन महिने मी ज्या परीक्षेचा अभ्यास केला, ती माझ्याकडे कोणी मागितलेलीच नव्हती. अभ्यासक्रमाची चौकशी उद्याच करते. तरीही उत्तरे का चुकतात हे मला कळायला हवे, कारण ती मुले तर माझ्यासमोर रोजच असतात.

कावेरीकाठ :
चुकलेला एखादा प्रश्न इथे लिहा. आपल्याकडे किती शाळा आहेत, तेही सांगा.

चंद्रज्योत :
शाळा तीन आहेत. प्रश्न असा होता : मधुमेह असलेल्या मुलाला वर्गात थरथर सुटली आहे, शिक्षिकेचा फोन आला आहे, तर पहिली सूचना काय द्याल? मी 'त्याला ताबडतोब आरोग्य कक्षात पाठवा' हा पर्याय निवडला.

कावेरीकाठ :
चूक तिथेच आहे, आणि ती ज्ञानाची नाही. रुग्णालयात रुग्ण आपल्याजवळ असतो. इथे मूल दोन मजले दूर असते आणि आपण कदाचित दुसऱ्याच शाळेत असता. साखर उतरलेल्या मुलाला एकट्याने चालत पाठवायचे नसते. ते शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर जागेवरच सुमारे 15 ग्रॅम लवकर पचणारी शर्करा द्यायची, मोठ्या माणसाने सोबत थांबायचे आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून आपल्या तीन शाळांतील एकेका मुलाची वैयक्तिक आरोग्य योजना लिहायला घ्या. त्यात, मी नसताना हे कोण करील, हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा. माझी सगळी तयारी अशीच झाली.

निर्झर :
कावेरीताई, योजना लिहून परीक्षा उत्तीर्ण होता येत नाही. कायदे पाठच असावे लागतात. अपंग विद्यार्थ्यांशी भेदभाव करण्यास मनाई करणारे 1973 च्या पुनर्वसन कायद्याचे कलम 504, विशेष शिक्षणाचा कायदा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींची गुप्तता राखणारा हिपा, यांच्या चिठ्ठ्या करून रोज वाचाव्यात.

कावेरीकाठ :
निर्झरजी, न समजता पाठ केल्याने काय होते, ते आपल्याच वाक्यात दिसते आहे. सार्वजनिक शाळेने नेमलेल्या नर्सने ठेवलेल्या नोंदी सामान्यतः शैक्षणिक नोंदी ठरतात. त्यांना शैक्षणिक नोंदींच्या गुप्ततेचा 1974 चा फर्पा कायदा लागू होतो, रुग्णांच्या आरोग्य-माहितीच्या गुप्ततेचा 1996 चा हिपा नव्हे. केंद्राच्या शिक्षण आणि आरोग्य खात्यांनी 2008 साली संयुक्त मार्गदर्शन काढून हे स्पष्ट केले आणि 2019 मध्ये त्यात सुधारणाही केली. ज्या शिक्षिकेला मुलाच्या सुरक्षिततेसाठी माहिती असणे आवश्यक आहे, तिला ती देण्याची वाट फर्पामध्ये आहे. नवी नर्स 'गुप्ततेमुळे सांगता येत नाही' म्हणत राहिली, तर झटका आलेल्या मुलाशेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेला, पाच मिनिटांहून अधिक चाललेल्या झटक्यात काय करायचे, हेच ठाऊक नसते.

निर्झर :
कायद्याचे नाव माझ्याकडून चुकले, हे मान्य करतो. पाठांतराबद्दलचे मत मात्र बदललेले नाही. काम सोपवण्याची पाच तत्त्वे, म्हणजे योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख, ही तोंडावर नसतील तर परीक्षेच्या घाईत योजना आठवत बसायला वेळ मिळत नाही.

वाटसरू२ :
दोघांनाही एक गोष्ट जोडावीशी वाटते. कॅलिफोर्नियात प्रशिक्षित पण परवाना नसलेला शालेय कर्मचारी इन्सुलिन देऊ शकतो, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. ही मुभा सर्व राज्यांत नाही. त्यामुळे राष्ट्रीय परीक्षेत उत्तर देताना आपल्या शाळेतील प्रथा गृहीत धरू नये. चंद्रज्योतताई, आपल्या तीन शाळांत सध्या दुपारचे इन्सुलिन कोण देते?

चंद्रज्योत :
एका शाळेत मी देते, दुसरीत कार्यालयातील सहायिका देतात. तिसरीत एक मुलगी स्वतः घेते आणि तिच्याजवळ कोण थांबते, हे मी आजवर विचारलेले नाही. तिची योजना मागील वर्षीची आहे आणि त्या योजनेवर पूर्वीच्या नर्सची सही आहे. सहायिकांचे प्रशिक्षण कधी झाले, याची नोंद कुठे असते?

कावेरीकाठ :
आरोग्य कक्षातील फायलीत असायला हवी. सापडली नाही, तर पुन्हा प्रशिक्षण द्या, त्यांच्याकडून प्रत्यक्ष करून घ्या आणि तारीख घालून सही करा. त्या मुलीची योजना मात्र आधी घ्या आणि तिच्या पालकांना आजच फोन करा.