नकोशा ईमेलचा बंदोबस्त: प्रेषकाची पडताळणी की मान्य यादी? सल्ला हवा आहे

रावेरकर:
आमचा रावेरला केळी खरेदी करून बाहेरगावी पाठवण्याचा व्यवसाय आहे. कार्यालयाचा ईमेल स्वतःच्या डोमेनवर (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) असून, नकोशा पत्रांचा एवढा भरणा होतो की गाडीभाड्याची आणि मागणीची पत्रे त्यात दबून जातात. मागच्या आठवड्यात आमच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसणारे, 'बँक खाते बदलले आहे' असे पत्र एका जुन्या व्यापाऱ्यांना गेले. त्यांनी फोन करून विचारले म्हणून रक्कम वाचली. फक्त यादीतल्या पत्त्यांची पत्रे घ्यावीत आणि अनोळखी माणसाला 'आपली ओळख पटवा' असे उत्तर आपोआप जावे, असे एकाने सुचवले आहे. परंतु हंगामात नवे व्यापारी अनोळखी पत्त्यावरूनच लिहितात. काय करावे?

धुळेकर:
भाऊ, आधी आपल्या डोमेनचे दार लावा, यादीचे नंतर पाहू. ईमेल पोहोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ सालची आहे आणि प्रेषक म्हणून लिहिलेला पत्ता खरा आहे का, हे तपासण्याची सोय तिच्यात मुळातच नव्हती. ती उणीव पुढे तीन नोंदींनी भरून काढली. एसपीएफमध्ये आपल्या नावाने पत्र पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे, हे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, जाहीर करावे लागते. डीकेआयएममुळे प्रत्येक पत्रावर डिजिटल सही होते. डीमार्क हे पाहते की या दोहोंपैकी किमान एक तपासणी उत्तीर्ण झाली आहे आणि ती वाचणाऱ्याला दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळते. तसे नसेल तर पत्र स्पॅममध्ये टाकावे की नाकारावे, हेही आपणच त्यात सांगून ठेवतो. तुमच्या व्यापाऱ्यांना गेलेले ते पत्र खरोखर तुमच्याच डोमेनच्या नावाने असेल, तर ते अडवणारी नोंद हीच.

मात्र पहिल्याच दिवशी 'नाकारा' लिहू नका. काही आठवडे नुसते अहवाल मागवा, कारण बिले पाठवणारे एखादे सॉफ्टवेअर तुमच्या नावाने पत्रे पाठवत असते आणि ते नोंदीत घ्यायचे राहून गेलेले असते. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा झाल्या तर ती तपासणीच निकामी ठरते, हेही सांभाळा.

अमळनेरची लेखापाल:
धुळेकर दादांशी मी सहमत आहे. ओळख पटवण्याच्या आपोआप उत्तराला माझा ठाम विरोध आहे. स्पॅममधला प्रेषक बहुधा बनावट असल्याने ते उत्तर भलत्याच निरपराध माणसाकडे जाते, आणि बँकेची किंवा कुरिअरची यंत्रणा तर त्याला कधीच प्रतिसाद देत नाही. मान्य यादी जरूर ठेवा, पण ती पत्र स्पॅममधून वाचवण्यासाठी असावी, यादीबाहेरचे नाकारण्यासाठी नव्हे. तुमचे नवे व्यापारी त्यामुळेच सुटणार नाहीत. आणखी एक, यादीत स्वतःचे डोमेन कधीही घालू नका. तसे केले तर तुमच्याच नावाने आलेले बनावट पत्र कित्येक व्यवस्थांमध्ये न तपासता आत येते.

शिवाय एका अक्षराच्या फरकाने घेतलेले डोमेन या तिन्ही तपासण्या बिनदिक्कत पार करते, कारण ते डोमेन त्या भामट्याचे स्वतःचेच असते. म्हणून खाते बदलाचे पत्र आले की आपल्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करावा, पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच तर विलंब न लावता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

रावेरकर:
ताई, यादी उघडून पाहिली, तर आमचे डोमेन खरोखरच तिच्यात होते. आता काढले आहे. एक शंका: यावलच्या आमच्या माणसाला कार्यालयाची पत्रे त्याच्या जीमेलवर आपोआप पुढे जातात. त्यांचे काय होईल?

धुळेकर:
पुढे पाठवणारा सर्व्हर मूळ प्रेषकाच्या एसपीएफ नोंदीत नसल्यामुळे ती तपासणी बहुधा फसेल. पत्राच्या मजकुरात फेरफार झाला नाही तर डीकेआयएमची सही टिकते आणि डीमार्क तिच्यावर निभावते. पण मूळ प्रेषकाने सहीच केली नसेल, तर पत्र अडकू शकते. त्यांना कार्यालयाच्याच मेलबॉक्समध्ये थेट प्रवेश द्या.